अमेरिकावाले वकील

बार रूममध्ये परवा लावलेल्या फोटोत त्यांच्या अंगावर जो कोट आहे, तो त्यांचा नाही. मूळ फोटो कुणाच्या तरी लग्नातला, साध्या शर्टावरचा. जालन्याच्या स्टुडिओवाल्याने त्यातून तेवढं डोकं उचललं, खाली काळाभोर कोट चिकटवला, गळ्याला पांढरे बँड लावले आणि मागे कायद्याच्या पुस्तकांचं कपाट उभं केलं. त्यांचा खरा कोट उन्हाने तपकिरी पडलेला होता, काखेत हिरवट. डावा खिसा उसवून लोंबायचा आणि उजव्यात कायम फुटाणे. त्या कोटाला आयुष्यभर हसलेली माणसं परवा फोटोखाली रांगेने उभी राहून आपापले फोटो काढून घेत होती. मीही होतो. मधोमध.

तेव्हापासून डोकं तापलेलं आहे. मी बोलण्यावर पोट भरणारा माणूस; पण स्वतःविषयी बोलायची वेळ आली की माझी दातखीळ बसते. बायकोलाही मी हे कधी सांगितलेलं नव्हतं. आता लिहितोय, तर राग कुणाकुणाचा आहे ते नीट सांगतो. गावाचा आहे, मामाचा आहे, माझा स्वतःचा तर आहेच. आणि त्यांचाही आहे. हे शेवटचं लिहायला सगळ्यात जड जातंय.

तालुक्यात त्यांना नावाने कुणी ओळखत नसे. अमेरिकावाले वकील म्हटलं की जीपवाल्यापासून तहसीलच्या शिपायापर्यंत सगळ्यांना कळायचं. ते अमेरिकेला कधी गेले नव्हते. मुंबईला एकदा गेले आणि दुसऱ्याच दिवशी परत आले. हैदराबादला शिकत असताना रस्त्याकडेच्या रद्दीत त्यांना एक इंग्रजी पुस्तक मिळालं होतं. पुठ्ठा नाही, सुरुवातीची पानं नाहीत, शेवटचीही नाहीत. त्यात अमेरिका नावाचा देश अजून देश व्हायचा होता तेव्हाच्या एका वकिलाची हकिकत होती. पुढे तो मोठा पुढारी झाला. आमच्या साहेबांनी ते पुस्तक इतक्या वेळा वाचलं होतं, की गळालेली पानंही त्यांनी मनाने भरून काढली होती.

"परदेशी शिपायांनी भर रस्त्यात गोळ्या झाडल्या, पाटील," ते मला सांगत. मी तेव्हा त्यांच्या हाताखाली नवा वकील; पाटलाच्या घरातला म्हणून मला ते मुद्दाम पाटील म्हणत. "गावातली माणसं मेली. गाव पेटलं. शिपायांना वकील मिळंना. मंग हा उठला. मेलेले ह्याच्याच बाजूचे, तरीबी ह्यानं वकीलपत्र घेतलं. आणि बहुतेक शिपाई सुटले."

"मग गावानं काय केलं?" मी दर वेळी विचारायचो. विचारलं नाही तर ते पुढे सरकत नसत.

"शिव्या दिल्या. आणि पुढं त्यालाच राष्ट्राध्यक्ष केलं."

हे सांगताना ते असे बघत, की जणू मधल्या शिव्या त्यांच्या खाऊन झाल्यात आणि आता फक्त पुढचं राहिलंय.

कोर्टासमोरच्या हॉटेलात ते शिरले की गल्ल्यावरचा विचारायचा, "काय साहेब, काय म्हणते अमेरिका?" ते गंभीरपणे उत्तर देत, "तिकडं सध्या थंडी आसंल." हॉटेल हसायचं. हसणाऱ्यांतले निम्मे त्यांचे पक्षकार असत. फी देताना ह्यांना पाऊस आठवायचा आणि हसताना मात्र तोंड भरून हसायचे. एखादा माणूस आपल्यापेक्षा थोडा सरळ निघाला की आमच्या गावाला तो आधी वेडा ठरवावा लागतो, त्याशिवाय गावाला जेवण जात नाही.

जालना जिल्हा तेव्हा नुकताच औरंगाबादपासून सुटून वेगळा झाला होता. सगळ्यांना वाटलं, आता कचेऱ्या जवळ आल्या, नोकऱ्या येतील. साहेबांना वेगळंच वाटलं. "नवा देश काय, नवा जिल्हा काय, वकिलाचं काम तेच. आज जो रिवाज पडंल तो नातवंडांना पुरंल." म्हणून ते जिल्हा परिषदेच्या निवडणुकीला उभे राहिले. त्यांची सभा म्हणजे करमणूक. आधी ते विरोधी उमेदवाराची बाजू मांडत, ती इतकी नीट मांडत की तो उमेदवार स्वतःही तशी मांडू शकला नसता. मग "आता माझं म्हणणं" म्हणून सुरू करीत. तोवर अर्धी माणसं उठलेली असत. हसनाबादच्या बाजारात एकाने मला कोपऱ्यात घेऊन विचारलं, "वकीलसाहेब नेमके कुणाकून उभे हायेत?" तरी विरोधकांच्या आपसातल्या भांडणात ते एकदा निवडून आले. परिषदेच्या सभेत चहा आला की हे उठून उभे राहत आणि म्हणत, "चहा आला म्हणजे विषय संपला असं कुणी समजू नये."

साहेबांच्या बायकोला, काकूंना, ह्या सगळ्याचा मनस्वी कंटाळा होता. मी त्यांच्याच घरी दुपारी जेवायचो. ताटात भाकरी टाकता टाकता त्या म्हणत, "ह्यांना कुणीतरी एकदाचं अमेरिकेला पोचवून या. आणि त्या वकिलाच्या बायकोचं काय झालं, ते लिव्हलंय का हो पुस्तकात?"

"तिनं नवऱ्याला पत्रं लिहिली म्हणतात. लई नामी पत्रं," साहेब खाली बघून म्हणाले.

"म्हणजे लिहिता येत व्हतं तिला. आन् नवरा लांब व्हता. दोनी सुखं."

त्यांची उलटतपासणी बघायला दुसऱ्या कोर्टातले वकील येत. समोरचा साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहिला, की हे खिशातून फुटाणे काढून त्याच्या हातावर ठेवत. न्यायाधीश डोळे वटारायचे. हे म्हणत, "घ्या, खा आधी. उपाशीपोटी खोटं बोलू नये, पित्त व्हतं." साक्षीदार हसायचा, नाहीतर घाबरायचा. बरेच जण फुटाणे मुठीत धरून खरं बोलून जायचे.

पण त्यांचा खरा नाद होता पुकाऱ्याचा. कोर्टाचा शिपाई व्हरांड्यात येऊन पक्षकाराचं नाव तीनदा मोठ्याने पुकारतो. बाहेरून 'हाजिर' असं उत्तर आलं तर काम चालतं. नाही आलं तर माणूस गैरहजर धरतात आणि दावा निकालात निघतो, मग तो माणूस झाडाखाली बसलेला का असेना. जन्मभर चावडीसमोरून मान खाली घालून गेलेल्या माणसाच्या तोंडून हा शब्द मोठ्याने निघत नसे. घशातच राहायचा. त्याच्या वतीने वकिलाने ओरडलं तरी चालतं, सगळे वकील तेच करतात. साहेबांना ते मान्य नव्हतं. प्रत्येक नव्या पक्षकाराला ते कोर्टाच्या आवारातल्या कडुलिंबाखाली नेऊन उभं करीत आणि त्याच्याकडून तो शब्द घोटून घेत.

गयाबाईची शिकवणी मी बघितली आहे. माझ्या मामाच्या गावची ती. गावाबाहेरच्या बौद्धवाड्यातली, नवरा वारलेला, पदरात एक मुलगा. सासऱ्याने गायरानातले दगड वेचून वेचून तिथे वावर केलं होतं आणि ते मेल्यावर ती पेरत होती. ग्रामपंचायतीने ठराव केला, की गायरान मोकळं करा. सरपंच माझा मामा. गुरांना चराई पाहिजे म्हणे. गावातल्या बाकीच्यांनी दाबलेल्या गायरानावर एकही जनावर चरत नव्हतं, त्याबद्दल ठराव नव्हता. गयाबाई दोन-तीन वकिलांकडून परत येऊन साहेबांकडे आली. साहेबांनी तिचा दावा लावला, मनाई हुकूम मिळवला आणि तिला झाडाखाली उभं केलं.

"म्हणा, हाजिर."

"हाजिर हाय, साहेब."

"साहेब कशाला जोडलं, बाई? मला सांगून राह्यल्या का कोर्टाला? नुसतं हाजिर."

ते तिला अहो-जाहो करीत. सगळ्यांनाच करीत, मला सोडून. गावाला त्यांच्या अमेरिकेपेक्षा ह्या अहो-जाहोचा राग जास्त होता.

"हाजिर."

"आत ऐकू न्हाई गेलं. त्या तहसीलच्या भिंतीवर आदळू द्या."

"हाजिर," गयाबाई ओरडली आणि हॉटेलातली माणसं बाहेर येऊन बघायला लागली. तिने पदर तोंडाला लावला. "इतक्या जोरात म्या कधी लेकराला बी हाक मारली न्हाई, साहेब."

"आता मारीत जावा," साहेब म्हणाले.

पुढची निवडणूक आली तेव्हा पक्षाचे लोक घरी आले. मी तिथेच होतो. मामाचं गाव साहेबांच्या मतदारसंघातलं सगळ्यात मोठं. "बाईचं वकीलपत्र सोडा. दुसरा वकील देऊ तिला. गाव तुमच्या मागं उभं राहील." साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, त्यांना चहा पाजला आणि शिपायांची ती हकिकत पहिल्यापासून सांगितली. ते लोक उठून गेले. साहेब अपक्ष उभे राहिले.

मग मामा माझ्याकडे आला. त्याने मला काही करायला सांगितलं नाही, हे मामाचं कसब. माझ्या बहिणीची सोयरीक त्याच्या शब्दावर ठरली होती, मुलाकडचे त्याच्या बसण्या-उठण्यातले. मोटारसायकल स्टँडवर लावून तो मला म्हणाला, "भाचेबुवा, तुला कायच करायचं न्हाई. तू तिच्या पेशीला फक्त गप राह्य. तेवढं तर जमंल? तुझ्या मायला बी इचार." मी आईला विचारलं नाही, पण आईने न विचारता सांगितलं, की भावाचं मन मोडू नको. हे सगळं खरं आहे आणि हे सगळं सांगून मी स्वतःला सोडवत नाही. त्यात माझंही काही होतंच. मला लोक अमेरिकेचा चेला म्हणायला लागले होते. ते मला सोसत नव्हतं.

त्या दिवशी जालन्याला उमेदवारी अर्जांची छाननी होती. साहेबांना जावंच लागणार होतं. सकाळी एसटीत चढताना ते म्हणाले, "पाटील, आज बाईच्या साक्षीची पेशी हाय. साक्ष मी घेणार. तू फक्त पुकाऱ्याला उभा राह्य आणि तारीख माग."

गयाबाई धुतलेलं लुगडं नेसून आली होती. आम्ही दोघं कडुलिंबाखाली होतो. शिपाई व्हरांड्यात आला आणि त्याने तिचं नाव घेतलं. ती उठली. तिने छाती भरून श्वास घेतलेला मी बघितला. तोंड उघडलं.

मी हात आडवा धरला. तिच्या तोंडासमोर. म्हणालो, "थांबा. बोलू नका. मी बघतो."

इथे मला आजवर एक पळवाट होती. मी नुसता गप राहिलो, असं मी मनाशी घोकत आलो. ते खोटं आहे. मी गप राहिलो नाही, मी तिला गप केलं. जो शब्द त्या माणसाने तिच्या घशातून ओढून काढला होता, तो मी परत आत ढकलला. शिपायाने दुसऱ्यांदा नाव घेतलं तेव्हा तिने माझ्याकडे बघितलं. माझ्या अंगावर कोट होता. कोटावर तिचा विश्वास होता. तिसऱ्यांदा नाव घेऊन शिपाई आत गेला. मी तसाच उभा राहिलो. तेव्हाही आत धावलो असतो, हात जोडले असते, तर काम परत चालू झालं असतं. मी गेलो नाही. दावा गैरहजेरीत निघाला आणि त्याबरोबर मनाई हुकूमही गेला.

मामाचा ट्रॅक्टर गावात तयारच होता. ज्वारी हुरड्यात आली होती. गयाबाई बांधावर पोचली तोवर उभं पीक आडवं झालं होतं आणि ट्रॅक्टर परतीच्या वाटेला लागला होता.

संध्याकाळी साहेब एसटीतून उतरून ऑफिसात आले. मी टेबलाशी फाइल उघडून बसलो होतो. ते समोर बसले. काही विचारायच्या आधी त्यांनी उजव्या खिशात हात घातला आणि माझ्या हातावर फुटाणे ठेवले.

"खा," म्हणाले.

मी खाल्ले. पटापटा खाल्ले.

"पुकारा झाला तवा कुठं होतास?"

"जेवायला गेल्तो, साहेब."

"आसं," ते म्हणाले. "जेवायला गेल्तास." आणि उठून खिडकी लावायला गेले. खिडकी लागलेलीच होती.

दावा पुन्हा उभा करायचा अर्ज त्यांनी स्वतः लिहिला. त्यात कारण दिलं, वकिलाची चूक. वकील म्हणजे ते, कारण वकीलपत्र त्यांच्या नावाचं. काही महिन्यांनी दावा परत चालू झाला, पण मनाई मिळेना. जमिनीवर बाई आता होती कुठे? ग्रामपंचायतीने कुंपण घातलं होतं.

बौद्धवाड्यात बातमी पसरली, की मतांसाठी वकील फुटला. सभेत तिथली पोरं समोर येऊन उभी राहिली. एकाने विचारलं, "साहेब, छाननी जालन्याला व्हती का सरपंचाच्या घरी?" साहेबांच्या शेजारी माइक धरून मी उभा होतो. साहेब म्हणाले, "माझी चूक झाली." एवढंच. त्या दिवशी त्यांनी विरोधकाची बाजू मांडली नाही, स्वतःचीही मांडली नाही. मामाच्या गावाने मत दिलं नाही कारण बाईची केस घेतली, वाड्याने दिलं नाही कारण बाईला विकलं. दोन्हीकडून गेले. अनामत जप्त झाली. हॉटेलात गल्ल्यावरचा म्हणाला, "अमेरिका बुडाली." लोक त्यावर चहा प्यायले.

बहिणीचं लग्न झालं. मी वेगळं ऑफिस थाटलं. मामाने कामं आणून दिली, त्याच्या ओळखीच्यांनी आणली. माझं चांगलं चाललं. एवढं चांगलं, की पुढे सरकारने गायरानावरची गरिबांची जुनी अतिक्रमणं त्यांच्या नावावर करायचा हुकूम काढला तेव्हा तालुक्यातले बरेच कागद माझ्याच ऑफिसातून गेले. ज्यांची वहिवाट चालू होती त्यांच्या नावावर जमिनी झाल्या. गयाबाईची वहिवाट तुटलेली होती. तिचा कागद आलाच नाही. ती दावा सोडून, मुलाला घेऊन जालन्याला गेली, असं कळलं.

साहेबांची कामं हळूहळू आटली. तरी ते रोज कोर्टात येत, त्याच कोटात, आणि कडुलिंबाखाली बसत. मग त्यांनी एक नवंच सुरू केलं. कुणाचंही नाव पुकारलं आणि उत्तर आलं नाही, की हे तिथून ओरडत, "हाजिर." शिपाई धावत येऊन बघायचा, माणूस नाही. पहिल्यांदा लोकांना मजा वाटली, मग वैताग आला. न्यायाधीशांनी बोलावून समज दिली. साहेब म्हणाले, "माणूस वाटंत आसंल, साहेब. यष्टी लेट आसती. थोडं थांबावं." त्यांचं डोकं फिरलं, असं गावाने ठरवून टाकलं. बार रूममध्ये ह्याची नक्कल व्हायची. मी चहाचा कप तोंडाला लावून खिडकीबाहेर बघत बसायचो. हसायचोही. मी न हसणं लोकांच्या लक्षात आलं असतं.

ते गेले तेव्हा खांदा द्यायला मी होतो. काकू म्हणाल्या, "जेवायला येत जा आता बी. भाकरी टाकायची सवय मोडत न्हाई." मी एकदाही गेलो नाही.

आणि आता हा फोटो. अनावरणाला पाहुणा कोण, तर मामाचा मुलगा, आता तालुक्याचा पुढारी. प्रमुख वक्ता मी, त्यांचा शिष्य म्हणून. निमंत्रण हातात आलं आणि मी गाडी काढून जालन्याला गेलो. शोधत शोधत गेलो. एमआयडीसीत बियाण्यांच्या एका कारखान्यात गयाबाई बी निवडायच्या कामावर होती. मागच्या खोल्यांच्या ओळीत ती राहते. दारात बसून सुपात स्वतःच्या घरची डाळ पाखडत होती.

"ओळखलं का?" मी विचारलं.

तिने वर बघितलं. "कोट न्हाई आणला आज?"

मी उभ्यानेच बोलायला लागलो. त्या दिवशी पुकारा झाला तेव्हा मी जाणूनबुजून...

"मला काय सांगून राह्यले?" ती म्हणाली. "हात तुमचा माझ्या तोंडापुढं व्हता. मी काय आंधळी व्हते का?"

"मग साहेबांना का नाही सांगितलं?"

"सांगितलं की. त्याच दिशी सांजच्याला, वावरातून तशीच माघारी आले. यष्टीतून उतरले तशी म्या त्यांना गाठलं. म्हणलं, छोट्या वकिलानं मला गप केलं."

"काय म्हणाले?"

तिने सूप खाली ठेवलं. "तिथंच बाकड्यावर बसले. मंग म्हणले, बाई, पोरगं नवं हाय. हे भाईर गेलं तर त्याची सनद जाईल, जल्मभर घरी बसंल. दावा मी फिरून उभा करतो. तुमी कुठं बोलू नका. मोठ्या माणसानं हात जोडले. म्या न्हाई बोलले. वाड्यातल्या पोरांनी त्यांना नाही नाही ते म्हणलं, तरी न्हाई बोलले."

मला वाटलं, आता ती त्यांचं कौतुक करील. लोक करतातच. तिचा आवाज चढला नाही. तिने सूप परत मांडीवर घेतलं.

"तुमची सनद राह्यली. बहिणीचं लगीन झालं. त्यांना मोठं मन करायचं व्हतं तर आपलं वावर द्यायचं. माझं कशापायी दिलं?"

मी गाडीकडे वळलो. परतीच्या रस्त्यावर मी गाडी कडेला घेऊन थांबलो आणि मला पहिल्यांदा त्यांचा राग आला, खराखुरा. त्या फाटक्या पुस्तकातल्या वकिलाने गोळ्या झाडणाऱ्यांचं वकीलपत्र घेतलं, हे ते सगळ्यांना सांगत. मेलेल्यांच्या घरी पुढे काय झालं, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. ती पानं त्यांनी मनानेही भरली नव्हती. त्या संध्याकाळी स्टँडवर त्यांनी माझं वकीलपत्र घेतलं, मला न विचारता, आणि तिचं सोडलं, तिला न विचारता. मला त्यांनी शिव्या दिल्या असत्या, कॉलर धरून बौद्धवाड्यात उभं केलं असतं, तर मी माणसात आलो असतो. त्यांनी फुटाणे दिले. आणि नंतर झाडाखाली बसून येणाऱ्या-न येणाऱ्या सगळ्यांच्या वतीने ओरडत राहिले, म्हणजे त्यांनाही झोप नव्हती. पण ज्या एका नावासाठी ओरडायचं होतं, ते नाव तोवर त्या कोर्टात पुकारलं जायचं थांबलं होतं.

कार्यक्रमात सूत्रसंचालकाने माझं नाव घेतलं. मी शेवटच्या रांगेत होतो. मी उठलो नाही. त्याने पुन्हा घेतलं. तिसऱ्यांदा घेतलं तेव्हा मी बसल्या जागेवरून म्हणालो, "हाजिर." झाडाखाली ते शिकवत तसं. सगळे खदखदून हसले. त्यांना वाटलं, साहेबांची नक्कल करतोय.

मग मी पुढे जाऊन सगळं सांगितलं. मामाचं नाव घेऊन, त्याच्या मुलाच्या समोर. हात आडवा धरल्याचं सांगितलं. ट्रॅक्टरचं सांगितलं. फुटाण्यांचंही. मला वाटलं, आता कुणी उठून माझ्या कानाखाली आवाज काढील. मी त्यासाठी उभाच होतो.

पहिल्यांदा मामाच्या मुलाने टाळी वाजवली. मग सगळ्यांनी. कितीतरी वेळ वाजवत होते. अध्यक्ष समारोपात म्हणाले, की चूक कबूल करायला फार मोठं मन लागतं आणि आपल्या बारची हीच परंपरा आहे. ज्युनिअर पोरांनी माझ्या पाया पडायला रांग लावली. सगळ्यांनी मिळून मला त्या फोटोखाली उभं केलं, मधोमध.

दुसऱ्या दिवशी मी परत जालन्याला गेलो. गयाबाई कामावरून नुकतीच आली होती, पाय धूत होती. मी सांगितलं, की सगळ्यांसमोर बोललो. काही लपवलं नाही. मामाचं नाव घेतलं. साहेब फुटले नव्हते, हेही सांगितलं.

"मंग?" ती म्हणाली.

"टाळ्या वाजवल्या लोकांनी."

ती पायावर पाणी ओतत राहिली. तांब्या पालथा घालून भिंतीला लावला.

"मंग वावर कुणाच्या नावावर झालं?"

कोर्टात असतो तर मी पुढची तारीख मागितली असती.